पुण्यात घड्याळवाल्यांची भेट परत सुरू करायचीये, यावेळी नीट करू

रोजची_चावी

मंडळी, बरेच दिवस मनात घोळतंय ते आज लिहून टाकतो, लांबणारे.

माझ्याकडे वडिलांची एचएमटी जनता आहे, पांढरं डायल, सतरा ज्वेलची, म्हणजे आत घर्षण कमी करणारे सतरा खडे. रोज सकाळी आंघोळ झाली की चावी द्यायची हे ते गेल्यावर मी चालू ठेवलं आणि तिथून नाद लागला. आता घरात एकोणतीस घड्याळं आहेत, निम्मी जुन्या बाजारात बुधवार-रविवार फिरून मिळालेली. घरचे ऐकून घेतात, पण समोरून कोणीतरी "माझ्याकडच्याला पण हेच होतं" म्हणणारा लागतो ना, म्हणून तीन वर्षांपूर्वी आपल्यातल्याच चौघांनी भेटायचं ठरवलं.

तीन भेटी झाल्या. पहिली एका हॉटेलात, रविवारी सकाळी. बाहेर नाश्त्याला माणसं उभी, टेबलावर सांबार सांडलेलं, पाऊण तासात उठावं लागलं. रविवारी सकाळी टेबल अडवून बसणं ही आमचीच चूक होती. दुसरी एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये, जागा भरपूर पण डोक्यावर ट्यूबलाइट, प्रत्येक काचेवर पांढरी रेघ, काळ्या डायलची एचएमटी पायलट तर कोणाला दिसलीच नाही. आणि तिथेच एकाच्या हातातून दुसऱ्याचं घड्याळ फरशीवर पडलं, बॅलन्सचा, म्हणजे आतल्या पुढे-मागे फिरणाऱ्या चाकाचा, स्टाफ (बारीक आस) तुटला. ज्याचं घड्याळ होतं तो "अरे होतं असं" म्हणाला, मनापासून म्हणाला, पण ज्याच्या हातून पडलं तो परत कधी आलाच नाही.

तिसऱ्या भेटीला एकोणीस जण आले आणि ही मला सगळ्यात जास्त लागलेली आहे. इंजिनिअरिंगचा एक मुलगा आजोबांचं फेवर लुबा (जुनी स्विस कंपनी) घेऊन आला होता, त्याला त्यातलं काही माहीत नव्हतं, ते सांगायला कोणीतरी भेटेल म्हणून तर आला होता. आलेल्यांत एकजण खरेदी-विक्री करणारा होता, आम्हाला माहीत नव्हतं. चहाच्या वेळी त्याने पोराला बाजूला घेतलं आणि पंधराशे रुपयांत घड्याळ घेतलं. पुढच्याच आठवड्यात तेच घड्याळ, डायलवर तोच नऊच्या खालचा डाग, कितीतरी पट किमतीला विकायला लावलेलं दिसलं. पोराला ते आमच्याच ग्रुपमधून कळलं. मी आयोजक होतो आणि तो व्यवहार होत होता तेव्हा मी चार पावलांवर पोहे वाढत होतो.

त्यानंतर मी भेट बंदच केली. पण आता वाटतं बंद करणं हा काही उपाय नव्हे. जागा, उजेड, हाताळणं, आणि मुख्य म्हणजे खरेदी-विक्री, याबद्दल ज्यांनी कुठेही अशा भेटी केल्यात त्यांनी सांगा.

गोदाकाठ

नाशिकला आम्ही सात-आठ जण भेटतो, दर दोन महिन्यांनी एकाच्या वर्कशॉपच्या पत्र्याच्या शेडमध्ये. उजेडाचं सांगतो, दिवसा भेटा आणि उत्तरेकडची खिडकी धरा. ऊन सहसा थेट येत नाही, दिवसभर सारखा उजेड. खाली कोटा फरशी असेल तर सतरंजी अंथरा, आणि टेबलावर जाड टॉवेल किंवा योगा मॅटचे कापलेले तुकडे. आमचा एकच नियम आहे, घड्याळ हातातून हातात द्यायचं नाही. मालक मॅटवर ठेवणार, बघणारा मॅटवरून उचलणार आणि मॅटच्या वरच बघणार, उभं राहून नाही. पडलं तरी चार बोटांवरून कापडावर पडतं.

एक विचारायचंय, फक्त एचएमटीवाले की सगळे? आमच्याकडे एक पोरगा कॅसिओ एफ-९१डब्ल्यूच आणतो, १९८९ पासून चालू असलेलं मॉडेल, त्यातल्या किरकोळ फरकांवर तासभर बोलतो आणि आम्ही ऐकतो.

रोजची_चावी

सगळे. क्वार्ट्झ, डिजिटल, टेबलावरचा गजर, सगळं. मॅटवरून उचलायचं हे इतकं साधं आहे आणि आम्हाला सुचलं नाही.

मटण_स्ट्रीट

मुंबईहून. चोरबाजार मी वीस वर्षं फिरतोय, शुक्रवार सोडून. चावीदादा, त्या पोराचं वाचून वाईट वाटलं, पण खरेदी-विक्री पूर्ण बंद करू नका. कलेक्टरला अदलाबदल लागतेच. तुम्ही टेबलावर बंद केली की ती जिन्यात होते, आणि जिन्यात होते तेव्हाच असं पोर फसतं. उघड्यावर होऊ द्या. एक वेगळं टेबल, घड्याळाखाली चिठ्ठी, चिठ्ठीवर किंमत, डायल ओरिजिनल की रंगवलेलं, मशीन कधी सर्व्हिस झालं. सगळ्यांसमोर.

दुसरं, जे जास्त नाजूक आहे. तुमच्या भेटीला दहातले चार जण रंगवलेल्या डायलची घड्याळं घेऊन येणार. बाहेरच्या देशातले लोक याला मुंबई स्पेशल म्हणतात. जुन्या सेइको फाइव्ह, सिटिझन, रिको, कॅमी, फेवर लुबा, एचएमटी, यांच्या केस आणि मशीन जुन्या, डायल मात्र इथे नव्याने रंगवून छापलेलं, नारिंगी, पोपटी, गुलाबी, जे रंग कारखान्यातून कधी आलेच नाहीत. ओळखायला भिंग पुरतं. मिनिटांच्या रेघा कडेला एकसारख्या बसत नाहीत, छापील अक्षरांची कड फुगलेली असते, डायलच्या अगदी खाली जी बारीक ओळ असायला हवी ती गायब किंवा अर्धवट. चावी द्यायचं बटण केसच्या मानाने मोठं किंवा बारकं. आतलं मशीन दुसऱ्याच मॉडेलचं.

पण हे सांगायचं कसं? मी एकदा एका काकांना चारचौघांत म्हणालो "हे डायल नंतरचं आहे" आणि त्यांचा चेहरा उतरलेला मला अजून आठवतो, रिटायर झाल्यावर स्वतःसाठी घेतलेलं ते पहिलं घड्याळ होतं. तेव्हापासून मी माझीच तीन रंगवलेली घड्याळं नेतो आणि एका ओरिजिनलशेजारी ठेवतो. लोक भिंग घेतात, बघतात, मग गुपचूप आपलं मनगट बघतात, आणि विचारायचं असेल तर विचारतात. आणि ही डायलं रंगवणारी माणसं आहेत, सुटे भाग मिळेनासे झाल्यावर त्यांच्यामुळेच किती मशीनं भंगारात जायची वाचली. फसवणूक रंगवणाऱ्याची नसते, ओरिजिनल म्हणून विकणाऱ्याची असते.

छोटं_डायल

पुणे, कोथरूड. मी बायकांची जुनी घड्याळं जमवते, चावीची, सत्तर-ऐंशीच्या दशकातली, ज्यांचं आख्खं मशीन रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान असतं. तुमच्या दुसऱ्या भेटीला आले होते. सरळ सांगते, तीन जणांनी मला विचारलं की मिस्टरांसोबत आलात का, आणि माझ्या मॅटसमोर कोणी थांबलं नाही. तिसऱ्या भेटीला म्हणून आले नाही.

या घड्याळांबद्दल कोणी बोलत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण इतक्या लहान जागेत तेवढेच गिअर, तेवढंच सगळं बसवायचं हे जास्त अवघड काम आहे, आणि दुरुस्तीही तितकीच अवघड, म्हणून घड्याळजी लोक "ताई सोडा, क्वार्ट्झ घ्या" म्हणतात आणि ती ड्रॉवरमध्ये पडून राहतात. कितीतरी घरांत आईचं पहिल्या पगारातलं घड्याळ असंच पडून असेल.

माझ्या अपेक्षा दोनच. दिवसा ठेवा, बसस्टॉपपासून चालत जाता येईल अशा ठिकाणी, बाथरूम असलेल्या. आणि प्रत्येकाला पाच मिनिटं द्या, ज्याने एक घड्याळ आणलंय त्यालाही आणि ज्याने चाळीस आणलीत त्यालाही पाचच. मग आपोआप सगळ्यांचं ऐकलं जातं.

रोजची_चावी

ताई, मनापासून सॉरी. त्या दिवशी माझ्या लक्षात यायला हवं होतं. पाच मिनिटांचं पक्कं, आणि तुम्हाला चालणार असेल तर सुरुवात तुमच्यापासून.

बेंचवरचा

माझे वडील गिरगावात घड्याळ दुरुस्त करतात, बेचाळीस वर्षं झाली. मी बँकेत आहे, पण लहानपण त्यांच्या बेंचखाली गेलं. एक विनंती करायला लिहितोय, कारण प्रत्येक ग्रुपमध्ये कोणीतरी म्हणतंच की एखाद्या घड्याळजीला बोलवू या.

जरूर बोलवा, पण त्या दिवसाचे पैसे द्या. बाबांना असं दोनदा बोलावलं, चहा-समोसा दिला आणि तीन तासांत पंचवीस घड्याळं समोर आणून ठेवली, जरा बघा ना, जरा उघडा ना. सोसायटीच्या हॉलमध्ये, वर पंखा फुल, शेजारी वेफर्सचा पुडा. उघड्या मशीनवर एक कण बसला तरी घड्याळ थांबू शकतं. बाबा नाही म्हणू शकत नाहीत, स्वभाव तसा आहे. घरी आल्यावर मात्र म्हणाले, मला कोणी काही विचारलं नाही, फक्त कामं सांगितली.

भेटीत मशीन उघडायचंच नाही. त्याऐवजी टाइमग्राफर ठेवा. छोट्या मायक्रोफोनवर घड्याळ ठेवलं की ते टिकटिक ऐकतं आणि स्क्रीनवर आकडे देतं. दिवसाला किती सेकंद पुढे-मागे, बॅलन्स किती अंश फिरतोय, आणि जाताना-येतानाच्या टिकमध्ये किती फरक. आपली जनता तासाला १८,००० ठोके देते म्हणजे सेकंदाला पाच. पूर्ण चावी दिल्यावर बॅलन्स २७० अंशांच्या आसपास फिरत असेल तर तब्येत चांगली, २०० च्या खाली असेल तर तेल सुकलंय, सर्व्हिसिंगला न्या. हे सगळं घड्याळ न उघडता कळतं, माणशी दोन मिनिटं पुरतात आणि घड्याळजींना समजावून सांगायचं सुख मिळतं.

अजून एक, एखादं घड्याळ अचानक दिवसाला कित्येक मिनिटं पुढे पळायला लागलं तर आधी मोबाईलचं होकायंत्र उघडून त्याच्याजवळ न्या. सुई हलली तर लोहचुंबक लागलंय. हेअरस्प्रिंगचे, म्हणजे बॅलन्सला झुलवणाऱ्या केसासारख्या स्प्रिंगचे, वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि घड्याळ पळतं. स्पीकर, लॅपटॉपचं झाकण, पर्सचं बटण, कशानेही होतं. हे चुंबकत्व काढणारं छोटं यंत्र, डीमॅग्नेटायझर, नेलात तर निम्म्या लोकांना जागेवर आनंद द्याल. आणि सत्तरच्या दशकाआधीची, अंधारात चमकणाऱ्या डायलची घड्याळं कोणी आणली तर ती कोणीही, अगदी हौसेनेसुद्धा उघडू नये. त्यात रेडियम असू शकतं, चमक गेली तरी ते तसंच राहतं आणि त्याची धूळ श्वासातून आत जाणं वाईट.

छोटं_डायल

बेंचवरचा, बाबांना नमस्कार सांगा. "मला कोणी काही विचारलं नाही" हे फार लागलं. त्यांना पाच नाही, अर्धा तास द्यायला हवा आणि तोही फक्त बोलायला.

महाद्वारचा

कोल्हापूरकडनं. आमच्याकडं एवढी माणसंच न्हाईत हो, धरून चौघं. आम्ही हॉल-बिल काय करत नाही. घड्याळवाल्या काकांच्या दुकानाला सुट्टी असती त्या दिवशी सकाळी ते अर्धं शटर वर करत्यात आणि आम्ही आत बसतोय. त्येंचाच दिवा, त्येंचंच भिंग, आणि मागच्या फळीवर डबे, त्यात पंचवीस-तीस वर्षांपास्नं गिऱ्हाइकं न्यायला न आलेली घड्याळं. प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली, नाव आणि तारीख. काका त्यातलं एक काढत्यात, माणसाची आठवण सांगत्यात, परत ठेवत्यात. विकत न्हाईत. म्या एकदा मागितलं तर म्हणाले, मालक यील की. बारक्या गावातल्या लोकांनी हॉल शोधत बसू नये, आपल्या घड्याळवाल्याला विचारावं. फक्त जाताना त्येंच्याकडनं एक पट्टा, एक बॅटरी, कायतरी घ्यावं.

परदेशी_वेळ

मी न्यू जर्सीत असतो. इथे न्यूयॉर्कमध्ये रेडबार नावाचा ग्रुप आहे, २००७ ला दोन मित्रांच्या बारमधल्या भेटीतून सुरू झाला आणि आता जगभर शाखा आहेत. संध्याकाळी बारमध्ये जमायचं, घड्याळं टेबलावर आणि तास-दोन तास गप्पा. मी गेलोय, मजा येते, अनोळखी माणूस स्वतःचं महागडं घड्याळ काढून तुमच्या मनगटावर बांधतो. पण तिथे मी एचएमटी कांचन घालून गेलो तेव्हा जे झालं ते सांगतो. कोणालाच माहीत नव्हतं. मी सांगितलं की १९६१ मध्ये सरकारने जपानच्या सिटिझनबरोबर बंगळुरात कारखाना काढला, की लग्नात जावयाला हेच घड्याळ द्यायची पद्धत पडली होती, की क्वार्ट्झ आल्यावर टायटनने बाजार नेला आणि २०१६ ला सरकारने एचएमटीचं घड्याळांचं काम बंद करायचं ठरवलं. अर्धा तास सगळे माझ्याभोवती. तुमच्या भेटीत हे असं सांगणारं कोणीतरी ठेवा, नवीन पोरांना एचएमटी म्हणजे काय हेच माहीत नसतं.

कुलूपबंद

मी थोडं काळजीचं बोलतो. जागा जाहीर टाकू नका, नाव नोंदवलेल्यांनाच आदल्या दिवशी कळवा. फोटोत मालकाचा चेहरा आणि घड्याळ एकत्र नको, केसच्या मागचा नंबर तर अजिबात नको. येताना-जाताना घड्याळं डब्यात, डबा सॅकच्या आतल्या कप्प्यात, आणि कोणाकडे किती आहेत याचा आकडा बाहेर बोलू नका. शेवटचा माणूस जाईपर्यंत आयोजकांपैकी दोघांनी थांबायचं. कोणाचंही काहीही होऊ नये एवढंच वाटतं.

मटण_स्ट्रीट

कुलूपबंद बरोबर बोलतायत. आणि ज्यांच्याकडे आणायला काहीच नाही त्यांच्यासाठी एक सुचवतो. आम्ही पावसाळा संपला की फोर्टात चालत फिरतो, मनगटावर काही असो नसो. युनिव्हर्सिटीचा राजाबाई टॉवर, १८७८ ला पूर्ण झालेला, प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने पैसे दिलेला, मग डेव्हिड ससून लायब्ररीचं घड्याळ, मग क्रॉफर्ड मार्केटचं. चालता चालता बॉम्बे टाइमची गोष्ट निघतेच. देशाची एक वेळ १९०६ ला ठरली तरी मुंबईने आपली ३९ मिनिटं मागची वेळ अगदी १९५५ पर्यंत सोडली नव्हती. एका शहरात दोन वेळा! मागच्या वर्षी नववीतला एक मुलगा हे ऐकून इतका रंगला की पुढच्या वेळी आजीचं गजराचं घड्याळ पिशवीत घालून घेऊन आला.

रोजची_चावी

सगळ्यांचे आभार, दोनदा वाचून काढलं. ठरवलेलं लिहितो.

एका वाचनालयाचा वरचा हॉल मिळालाय, शनिवारी दुपारी दोन ते पाच, उत्तरेला तीन खिडक्या, बसस्टॉप खालीच. सतरंजी आणि मॅट मी आणतो. एका घड्याळजी काकांशी बोललोय, त्यांचा दिवसाचा गल्ला आम्ही वर्गणीतून देणार, ते मशीन उघडणार नाहीत. खरेदी-विक्री मटण_स्ट्रीट म्हणतात तशी उघड्यावर, चिठ्ठीसकट, पण माझी एक भर आहे आणि यावर मी अडून बसणारे. जो पहिल्यांदा येतोय त्याचं घड्याळ त्या दिवशी कोणीही विकत घ्यायचं नाही. त्याने स्वतः विकतो म्हटलं तरी नाही. घरी जाऊ दे, दोन भेटी ऐकू दे, मग विकायचं तर विकू दे. प्रत्येक जण आल्यावर नोंदवहीत नाव लिहिणार आणि खाली हा नियम वाचून सही करणार.

मटण_स्ट्रीट

मान्य. धंदेवाईक लोक नाराज होतील, होऊ देत.

रोजची_चावी

काल भेट झाली. झोप आली नाही म्हणून रात्रीच लिहायला बसलो.

चौदा जण आले. सुरुवात ताईंनी केली, त्यांनी सहा घड्याळं मॅटवर मांडली आणि एकेक भिंगाखाली दाखवलं, पाच मिनिटांची वीस कधी झाली कळलं नाही आणि कोणी घड्याळ बघितलं नाही. महावितरणमधून रिटायर झालेले एक काका आले होते, त्यांची एचएमटी जवान टाइमग्राफरवर ठेवली तर १८० अंश, दिवसाला चार मिनिटं मागे. घड्याळजी काकांनी विचारलं, शेवटचं कधी उघडलं होतं, तर ते म्हणाले मुलगी झाली तेव्हा, आणि मुलगी शेजारीच उभी होती, तिचा मुलगा कडेवर. घड्याळजी काका नंतर अर्धा तास बोलले. सुरुवातीला वाकून, हळू आवाजात, मग उभे राहून. पूर्वी रस्त्यात ओळखीचं माणूस भेटलं की ते आधी त्याच्या मनगटाकडे बघायचे, आपण लावलेली काच अजून शाबूत आहे का. प्रश्न इतके आले की वाचनालयवाल्यांनी पाचऐवजी साडेपाचला दिवे बंद केले.

दोन घड्याळांची अदलाबदल झाली, चिठ्ठीवर, सगळ्यांसमोर. पडलं काही नाही.

आणि त्या मुलाला मी आठवड्यापूर्वी फोन केला होता, येशील का म्हणून. तो काही बोलला नव्हता, पण आला. नोकरी लागलीये आता, मनगटावर साधं क्वार्ट्झ. आजोबांच्या घड्याळाबद्दल मी काही काढलं नाही, त्यानेही नाही. नोंदवहीतला नियम त्याने सही करायच्या आधी दोनदा वाचला. निघताना म्हणाला, पुढच्या वेळी दारात नोंदवही घेऊन मी बसतो, नवीन आलेल्याला नियम मीच सांगतो.

पुढची भेट पुढच्या महिन्यातला दुसरा शनिवार. नाव द्यायचं असेल तर मला वैयक्तिक निरोप पाठवा, आणि आईचं ड्रॉवरमधलं घड्याळ असेल तर ते नक्की आणा, बंद असलं तरी.